पोलिक्रोनिसचं नाक आणि लग्नाचं पीप

आमच्या गावात कुणाच्या घरची वाईन कशी उतरली, हे ठरवायचा मान पाद्रीबुवांचा नाही आणि सरपंचाचाही नाही. तो पोलिक्रोनिसच्या नाकाचा. नोव्हेंबरच्या तीन तारखेला झिंगलेल्या संत योर्गोसचा सण असतो. संताला हे नाव आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी ठेवलं आणि संताने अजून तरी तक्रार केलेली नाही. त्या दिवशी घरोघरची नवी पिपं फुटतात, पहिला तांब्या देवळात जातो, पाद्रीबुवा त्यावर पाणी शिंपडतात आणि मग सगळे तांबे अंगणातल्या बुटक्या भिंतीवर ओळीने मांडले जातात. पोलिक्रोनिस एका टोकाकडून सुरुवात करतो. आधी नाक, मग घोट, मग एक शब्द. फक्त एक. तो शब्द वर्षभर त्या घराला चिकटतो.

'डाळिंब' म्हणाला, तर त्या घरची बाई वर्षभर बाजारात ताठ मानेने चालते. 'ओला कुत्रा' म्हणाला, तर त्या घरी पाहुणा गेला तरी म्हणतो, मला आपलं पाणीच द्या.

तर असं हे नाक तीन हिवाळ्यांपूर्वी मेलं. साथीच्या दिवसांत त्याला आठ दिवस ताप आला, खोकला आला, मग दोन्ही गेले आणि जाताना वास घेऊन गेले. आंबट, गोड, खारट, कडू एवढं जिभेला कळायचं. बाकी सगळं कोऱ्या कागदासारखं. पोलिक्रोनिस महिनाभर वाट पाहत राहिला. रोज सकाळी परसातला ओवा चुरडून नाकाशी धरायचा. मग एक दिवस आरशासमोर उभा राहून त्याने त्या अवयवाकडे नीट पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, "चला, चष्मा ठेवायला तरी जागा राहिली."

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? साठ ऑलिव्हची झाडं आणि चार पट्टे द्राक्षं असणारे गावात पंचवीस जण आहेत. नाक असणारा तो एकटा होता. नाक वजा केलं, तर उरतो तो गुडघे दुखणारा एक म्हातारा, जो कॉफीच्या दुकानात बसून सांगत असतो की चार हजार वर्षांपूर्वी इथे याच डोंगरात लोक द्राक्षं तुडवत होते आणि वाईनमध्ये पाणी न घालता पिणाऱ्याला आपले पूर्वज रानटी म्हणायचे. हे तो स्वतः बिनपाण्याची पीत पीत सांगायचा.

म्हणून त्याने सोंग घेतलं. पहिल्या वर्षी भिंतीजवळ उभा राहिला. तांब्यात नाक घातलं, काहीच नाही. विहिरीत डोकावल्यासारखं. मग त्याचं लक्ष तांब्याच्या मालकिणीकडे गेलं. ती ओठ चावत होती. त्याने म्हटलं, "सुकं अंजीर." बाईचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून पोलिक्रोनिस वाईन चाखायचा बंद झाला आणि माणसं चाखायला लागला. गंमत अशी की त्याची कीर्ती वाढली. नाक होतं, तेव्हा निम्मं गाव त्याच्यावर दात धरून होतं. नाक गेल्यावर लोक म्हणू लागले, म्हातारपणी याला खरी जाण आली. "आयुष्यभर नाकाने कांदे सोलले," तो मनाशी म्हणायचा, "आणि मान मिळाला तो नाक मेल्यावर."

गेल्या वर्षी त्या भिंतीवर स्त्रातिसचा तांब्या आला. वीस वर्षांपूर्वी, नाक अगदी जोरात असताना, पोलिक्रोनिसने त्याच्या वाईनला 'घोड्याचा घाम' म्हटलं होतं. ते खरंही होतं. पण त्यानंतर स्त्रातिसचा तांब्या एकोणीस वर्षं भिंतीवर दिसला नाही आणि दोघांनी कॉफीच्या दुकानात एका टेबलावर बसणं सोडलं. गेल्या वर्षी तो आला तेव्हा त्याची बायको जाऊन सहा महिने झाले होते आणि मुलगी मेलबर्नला होती. पोलिक्रोनिसने वास घेतल्याचं नाटक केलं, घोट घेतला, स्त्रातिसच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मध."  त्याच संध्याकाळी स्त्रातिसने मेलबर्नला फोन लावून मुलीला तो शब्द सांगितला, हे अख्ख्या गल्लीने ऐकलं, कारण परदेशी फोन लावला की तो ओरडूनच बोलतो.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग पोलिक्रोनिसच्या मुलीचं, अर्गिरोचं लग्न ठरलं.

मूल जन्माला आलं की आमच्याकडे बाप त्या वर्षीच्या वाईनचं एक पीप वेगळं काढतो. ते पीप मुलाच्या लग्नात फुटतं. मधल्या वर्षांत त्यातली वाईन लाकूड पितं, थोडी हवा पिते, म्हणून दर हिवाळ्यात वरून चांगल्या वाईनची भर घालायची. भर घालताना नियम एकच: ज्या बुधल्यातून ओतायचं, त्याचा आधी वास घ्यायचा. अर्गिरोचं पीप अठ्ठावीस वर्षं तळघरात होतं, आणि पोलिक्रोनिसने बाकी काही केलं नसलं, तरी ते पीप जिवापाड सांभाळलं होतं. शिवाय अर्गिरो ही साधी मुलगी नव्हती. ती खानिया शहरातल्या तेल संघात तेल चाखायच्या कामावर होती. बापाचं नाक तिला जसंच्या तसं मिळालेलं, आणि संघातल्या सगळ्यांना तिने सांगून ठेवलं होतं की लग्नाला या, माझ्या बाबाचं पीप फुटणार आहे. लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी होतं.

लग्नाला दहा दिवस असताना एवांथियाने, म्हणजे पोलिक्रोनिसच्या बायकोने, चुलीवर टोमॅटोत भेंडी शिजत ठेवली आणि शेजारी गेली. पोलिक्रोनिस चुलीपासून दोन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. ती परत आली, तेव्हा स्वयंपाकघर करपल्या वासाने भरलं होतं आणि नवरा खेळाच्या पानावर होता.

"भेंडीचा कोळसा झालाय," ती म्हणाली.

"हं. छान वास सुटलाय."

एवांथियाने पातेलं उचलून अंगणात ठेवलं, परत आली, त्याच्या समोर बसली आणि कांदा कापून त्याच्या नाकाखाली धरला. मग रॉकेलचा बोळा. मग स्वतःची चप्पल.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तीन वर्षं."

"तीन वर्षं. आणि ईस्टरला मी केलेल्या कोकराला 'असं कोकरू तुझ्या आईनेही केलं नव्हतं' म्हणालास ते?"

"चामड्यासारखं होतं गं. चावून कळलं."

 मग तिचा चेहरा बदलला. "पिपात भर कुणी घातली यंदा?" असं म्हणत ती उठली आणि तळघराकडे निघाली. पोलिक्रोनिस मागोमाग गेला. प्रश्न कानावर पडल्याबरोबर त्याला फेब्रुवारीतला तो हिरवा बुधला आठवला होता. तळाशी काहीतरी काळं होतं. त्याने बुचाचा वास घेतला होता, सवयीने, आणि काहीच आलं नव्हतं, म्हणजे अर्थातच वाईट काही नव्हतं.

एवांथियाने पिपाचं बूच काढलं आणि लगेच पुन्हा बसवलं. "बुरसा," ती म्हणाली. "भिंतीत उंदीर मरावा तसा."

"थोडं पाणी घातलं तर? पूर्वज..."

"पूर्वजांचं नाव काढू नकोस. यात समुद्र ओतलास तरी मासे उलटे होऊन वर येतील."

पोलिक्रोनिस पायरीवर बसला. अठ्ठावीस वर्षं. पोरीला पहिला दात आला, तेव्हा त्याने या पिपावर थाप मारून सांगितलं होतं. ती शाळेत गेली, तेव्हाही. आणि शेवटी पीप नासलं ते कुणामुळे? दुष्काळामुळे नाही, कीड लागून नाही. ज्या नाकाची आरती अख्खं गाव ओवाळतं, त्या नाकाच्या मालकामुळे. "चार हजार वर्षं या डोंगरात वाईन होतेय," तो म्हणाला. "तुर्कांनी नाही बिघडवली, व्हेनिसवाल्यांनी नाही बिघडवली. मी एका बुधल्यात करून दाखवलं." एवांथियाला हसू आलं आणि हसता हसता तिने पदराने, म्हणजे एप्रनने, डोळे पुसले.

त्या दिवशी त्याने ठरवलं की अर्गिरोला काही सांगायचं नाही. कुठून तरी जुनी वाईन आणायची, पिपात भरायची आणि देवावर हवाला टाकायचा. जुनी वाईन गावात एकाच माणसाकडे होती. स्त्रातिसने आपल्या मुलीसाठी, फ्रोसोसाठी, चौतीस वर्षांपूर्वी पीप काढून ठेवलं होतं. फ्रोसोचं लग्न मेलबर्नमध्येच झालं. स्त्रातिसने ते सकाळी सहा वाजता अंगावर सूट चढवून फोनच्या काचेवर पाहिलं. पीप तसंच राहिलं. त्याबद्दल तो बोलत नसे आणि कुणी विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी पोलिक्रोनिस नाक घासायला त्याच्या दारात गेला. स्त्रातिस ऑलिव्हच्या जाळ्या दुरुस्त करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. पीप नासलं, पोरीचं लग्न नऊ दिवसांवर, जे मागशील ते देईन.

"नासलं कसं?" त्याने विचारलं. "तुझ्या नाकाखाली?"

इथे खोटं बोलता आलं असतं. चार-पाच खोटी कारणं पोलिक्रोनिसच्या जिभेवर तयारही होती. पण ज्याच्याकडे त्याच्या लेकीचं पीप मागायचं, त्याला तरी खरं सांगावं, एवढी लाज त्याच्यात शिल्लक होती. त्याने सांगितलं.

स्त्रातिसच्या हातातली जाळी थांबली. "म्हणजे गेल्या वर्षीचा माझा मध?"





"तुझं तोंड पाहून म्हणालो," पोलिक्रोनिस म्हणाला.

स्त्रातिसने जाळी घडी करून ठेवली. अगदी नीट, कडा जुळवून. "घोड्याचा घाम म्हणालास तेव्हा चाखून म्हणाला होतास," तो म्हणाला. "त्याचं दुःख झालं, पण ते माझं होतं. हा मध मात्र तू भीक म्हणून घातलास. जा तू." आणि त्याने दार लावून घेतलं.

घरी येताना पोलिक्रोनिसला चढ कधी संपला ते कळलं नाही. आयुष्यात एकदाच तो स्वतःची अब्रू राखायला नव्हे, तर समोरच्याला आनंद व्हावा म्हणून खोटं बोलला होता, असं त्याला वाटायचं, आणि तेही त्याला धड जमलं नव्हतं.

लग्नाला पाच दिवस असताना अर्गिरो आली. बॅग अंगणात ठेवली, आईला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, चल, पीप बघू." एवांथियाने नवऱ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. आता सुटका नव्हती. तळघराच्या तिसऱ्या पायरीवरच अर्गिरो थांबली. बूच जागेवर होतं, तरी तिने श्वास आत घेतला आणि वळून बापाकडे पाहिलं.

"मला येत नाही तो वास," पोलिक्रोनिस म्हणाला. "कुठलाच येत नाही." आणि तापापासून भेंडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. स्त्रातिसचं सुद्धा.

त्याला वाटलं होतं, पोर पिपासाठी रडेल. तिने पिपाकडे पाहिलंही नाही. "माझं तेल," ती म्हणाली. "नोकरी लागल्यावर मी जे पहिलं तेल निवडलं, त्याची बाटली तुला आणून दिली होती. तू डोळे मिटून म्हणालास, 'कच्चा टोमॅटो, कापलेलं गवत, आणि शेवटी घशात मिरी.' मी संघात सगळ्यांना सांगितलं. साहेबांना सांगितलं. ते तू माझं तोंड बघून म्हणालास?"

"बाटलीवरच्या कागदावर लिहिलं होतं," पोलिक्रोनिस म्हणाला. "तुझ्याच अक्षरात. मिरी मात्र खरी. ती घशाला लागली."

अर्गिरो हसली नाही. ती पायरीवर बसली आणि तिने गुडघ्यात डोकं घातलं. पोलिक्रोनिस तिच्या शेजारी टेकला. पाठीवर हात ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तीच म्हणाली, "तीन वर्षं तू एकट्याने बिनवासाचं जेवतोयस आणि मला फोनवर सांगतोस, आईने आज मस्त गोगलगायी केल्या होत्या." तिने डोकं वर केलं. "वेडा आहेस का तू, बाबा?"

"थोडा आधीपासून होतो," तो म्हणाला.

संध्याकाळी अर्गिरो त्याला ओढतच स्त्रातिसच्या घरी घेऊन गेली. स्त्रातिसने दार उघडलं, पोलिक्रोनिसला पाहिलं आणि पुन्हा लावणार तेवढ्यात ती मध्ये उभी राहिली.

"स्त्रातिसकाका, मी मागायला आले नाही. फ्रोसोताईच्या पिपाचा वास घेऊ देतोस? एवढंच. बाबाला बाहेर उभं कर हवं तर."

बाबा बाहेरच उभा राहिला. खिडकीतून त्याला दिसत होतं: स्त्रातिसने कोपऱ्यातल्या पिपावरची धूळ बाहीने पुसली, बूच सैल केलं, नळीने थोडी वाईन पेल्यात काढली. जुनी, विटकरी रंगाची. अर्गिरोने पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले. स्त्रातिस तिच्या तोंडाकडे पाहत होता, अगदी त्याच नजरेने, जी पोलिक्रोनिसने भिंतीजवळ तीन वर्षं वाचली होती. पण पोरीने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. ती पेल्यातच होती.

"मध नाही," ती म्हणाली. स्त्रातिसची मान खाली गेली. "मध म्हणजे पोरकटपणा. ही अक्रोड आहे. अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, आणि मागे थोडा धूर. आमच्या संघातल्या कुणाच्याही घरी अशी नसेल. काका, ही तू कुणालाच कधी दिली नाहीस?"

 स्त्रातिसने बूच पुन्हा घट्ट बसवलं. मग म्हणाला, "रविवारी सकाळी गाडी आणायला सांग तुझ्या बापाला. आणि हळू चालव म्हणावं, वळणावर हिंदकळता कामा नये."

रविवारी शाळेच्या अंगणात टेबलं लागली. मोठ्या कढईत बकऱ्याच्या रश्श्यात पिलाफचा भात शिजत होता, मधात बुडवलेल्या तळणीच्या परड्या फिरत होत्या, आणि कापड झाकलेलं पीप मधोमध होतं. बाहेर कुणाला काही माहीत नव्हतं. एवांथिया आणि अर्गिरो गप्प राहणार होत्या. स्त्रातिसही काही बोलणार नव्हता, त्याने तसं सांगितलंच होतं: तुझी पोर, तुझा मान, गावात बोभाटा कशाला. तो मागच्या टेबलावर भिंतीला टेकून बसला होता, तोच सूट घालून. म्हणजे पोलिक्रोनिसची इभ्रत अगदी सुखरूप होती. कापड काढायचं, बूच उडवायचं, पहिला पेला बापाने प्यायचा, शब्द सांगायचा. 'अक्रोड.' शब्दही तयार होता, चोरीचा का होईना.

त्याने कापड काढलं. बूच उडालं. पेला भरला गेला. गाव गप्प झालं, खानियाचे पाहुणे माना उंचावून पाहू लागले. पोलिक्रोनिसने पेला उचलला, नाकाशी नेला आणि तिथेच थांबला.

"हे पीप माझं नाही," तो म्हणाला. आवाज वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "माझं मी नासवलं. हे स्त्रातिसने फ्रोसोसाठी भरलेलं आहे. मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी तुमच्या वाईनला जे जे म्हणालो, ते सगळं रद्द समजा."

 मग न्हावी उठला. "म्हणजे माझी 'भिजलेली लोकर'?"

"त्या दिवशी तुझ्या अंगात स्वेटर होता."

"आणि माझी?" पाद्रीबुवांनी विचारलं. "मला 'स्वर्ग' म्हणाला होतास."

"बुवा, तुम्हाला दुसरं काय म्हणणार होतो?"

हशा उठला, कुणी शिव्या घातल्या, कुणी टेबल बडवलं, आणि खानियाच्या पाहुण्यांना वाटलं की हा इथला नेहमीचा कार्यक्रम असावा. पोलिक्रोनिसचं लक्ष तिकडे नव्हतं. तो भरलेला पेला हातात धरून टेबलांमधून चालत मागे गेला आणि स्त्रातिससमोर उभा राहिला.

"ज्याने लेकीसाठी पीप भरलं, त्याने पहिला घोट घ्यायचा," तो म्हणाला. "रीत आहे. घे, लेका. हात दुखतोय माझा."

स्त्रातिस उठला. सुटाची बटणं लावली. पेला दोन्ही हातांत घेतला, अर्गिरोकडे पाहिलं, मग कुणाकडेच नाही, आणि चौतीस वर्षांची वाईन हळूहळू शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. डोळे भरून आले होते, पण ते पुसायला त्याने हात उचलला नाही. मग त्याने पेला पुन्हा भरून पोलिक्रोनिसच्या हातात दिला.

"आता तू पी," तो म्हणाला. "आणि सांग."

"अरे, मला काय कळणार?"

"जेवढं कळेल तेवढं सांग. पण खरं."

पोलिक्रोनिस प्यायला. घोट तोंडात धरून ठेवला, बराच वेळ, जुन्या दिवसांसारखा. अंगण थांबलं. अक्रोड आला नाही, साल आली नाही, धूर आला नाही. त्याने घोट गिळला.

"ओली आहे," तो म्हणाला.

स्त्रातिसने त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारची खुर्ची पायाने मागे ढकलली आणि म्हणाला, "बस."